दुसऱ्या सोनोग्राफीपर्यंतचे दिवस

पाळीच्या तारखेवरून सात आठवडे उलटून गेल्यावर केलेल्या माझ्या पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल जेमतेम अर्ध्या पानाचा होता. गर्भाशयात एक गर्भपिशवी (गर्भ जिच्यात वाढतो ती) आहे, तिचा सरासरी व्यास १४ मिलिमीटर आहे, आत योक सॅक (सुरुवातीला गर्भाच्या पोषणाला मदत करणारी इवलीशी पिशवी) दिसते, गर्भाचा अंकुर अद्याप दिसत नाही आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी, एवढेच त्यात लिहिले होते. सगळे ठीक आहे असे त्यात कुठे म्हटलेले नव्हते, आणि काही बिघडले आहे असेही नव्हते. ज्यांच्या हातात आज असाच कागद आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासोबत त्याच घरात वावरणाऱ्या माणसांसाठी, मी हे लिहीत आहे.

पुढच्या सोनोग्राफीत काय दिसले ते मी इथे लिहिणार नाही. त्या दिवसांत मी इतर स्त्रियांचे पुष्कळ अनुभव वाचले आणि जवळजवळ प्रत्येक अनुभवाचा शेवट आधी वाचला. ‘ठोके आले’ असा शेवट असला की हायसे वाटायचे. तसा नसला की तिच्या आणि माझ्या अहवालात काय काय सारखे आहे ते शोधत बसायची. वास्तविक तिची पाळी वेगळी, तिचे वय वेगळे, तिच्या गर्भाची घडण वेगळी. तिच्या पोटात जे झाले त्यावरून माझ्याबद्दल काहीच ठरत नव्हते. माझा शेवट कोणाला शकुन किंवा अपशकुन वाटू नये, म्हणून तो बाजूला ठेवते.

सर्वांत आधी मला समजून घ्यावे लागले ते वयाचे गणित. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि पाळीचे चक्र २८ दिवसांचे आहे व स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटले, असे त्या मोजणीत गृहीत धरलेले असते. जिचे चक्र ३५ दिवसांचे आहे, किंवा जिचे बीज त्या महिन्यात आजारपणामुळे वा कोणतेही कारण नसताना उशिरा सुटले, तिचा गर्भ तारखेपेक्षा आठवडाभर लहान असू शकतो. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिशवी दिसते, साडेपाचच्या सुमारास योक सॅक दिसते आणि सहाव्याच्या आसपास इवलासा अंकुर व त्यातली हृदयाची हालचाल दिसू लागते. म्हणजे काहीच न दिसण्यापासून ठोके दिसेपर्यंतचे सारे अंतर दीड-दोन आठवड्यांचे असते, आणि तारीख आठवड्याने चुकली तर त्या अंतरात आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही. डॉक्टरांचा एक ढोबळ हिशेब आहे: पिशवीचा सरासरी व्यास जितके मिलिमीटर, त्यात ३० मिळवले की गर्भाच्या वयाचे दिवस येतात. माझे १४ आणि ३० मिळून ४४ दिवस, म्हणजे सहा आठवडे दोन दिवस झाले. तारीख सात आठवडे उलटल्याचे सांगत होती आणि पिशवी सहा. हा फरक उशिरा सुटलेल्या बीजामुळे असू शकतो, तसाच वाढ थांबल्यामुळेही असू शकतो, आणि त्या दिवशी दोन्हींचे चित्र पडद्यावर सारखेच दिसते. वाढ ओळखायची तर दोन तपासण्या हव्यात आणि त्यांच्यामध्ये पुरेसे दिवस जायला हवेत.

एवढी प्रगत यंत्रे असताना डॉक्टर ठाम का बोलत नाहीत, हा प्रश्न तरीही राहतो, आणि त्याचे उत्तर मला निकषांच्या इतिहासात सापडले. अमेरिकेत बरीच वर्षे असे मानत की पिशवी १६ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ दिसला नाही, किंवा गर्भ ५ मिलिमीटरचा होऊनही त्याचे ठोके दिसले नाहीत, तर गर्भधारणा संपली. ब्रिटनमध्ये हे आकडे २० आणि ६ होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवून दिले की या मर्यादा पुरेशा सुरक्षित नाहीत, आणि त्यांवर विसंबल्यास पुढे व्यवस्थित वाढू शकणारे काही गर्भ मृत ठरवले जाण्याचा धोका आहे. एकच पिशवी दोन तज्ज्ञांनी मोजली तर मापांत फरक पडतो, हेही त्याच सुमारास पुढे आले. ब्रिटनने लगेच आपले नियम बदलले. अमेरिकेत २०१२ साली तज्ज्ञांची बैठक झाली आणि पुढच्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नवे निकष छापून आले. त्यांनुसार पिशवी २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असून आत गर्भ नसेल, किंवा गर्भाची लांबी ७ मिलिमीटर वा त्याहून जास्त असून ठोके नसतील, तरच एका तपासणीवरून निदान पक्के करायचे. माप त्याहून कमी असेल तर थांबायचे. पहिल्या वेळी पिशवीत योक सॅक दिसली असेल तर किमान ११ दिवस, आणि तीही दिसली नसेल तर किमान दोन आठवडे उलटल्यावरही ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तरच वाढ थांबली असे निश्चित म्हणायचे.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. कोणत्याही कसोटीत दोन प्रकारच्या चुका संभवतात आणि एक कमी करायला गेले की दुसरी वाढते, हे मी दर वर्षी फळ्यावर मांडते. इथे एक चूक म्हणजे जिवंत गर्भ मृत ठरवणे, आणि दुसरी म्हणजे संपलेल्या गर्भधारणेची बातमी काही दिवस उशिरा कळणे. पहिल्या चुकीची भरपाई कशानेही होणार नाही, म्हणून ती जवळजवळ शून्यावर आणायचे वैद्यकशास्त्राने ठरवले आणि त्यासाठी दुसरी पत्करली. तिचा भार वाट पाहणारी बाई उचलते, आणि तो लहान नाही. हे समजल्याने माझी झोप परत आली असे नाही. पण आपल्याला कोणी टोलवत आहे, काहीतरी लपवले जात आहे, ही मनातली जळजळ मात्र गेली. ‘आत्ता सांगता येत नाही’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ते वाईट बातमी सौम्य शब्दांत सांगत आहेत असे समजू नये. बहुतेक वेळा त्या दिवशी उपलब्ध असलेली खरी आणि पूर्ण माहिती तेवढीच असते. माझ्या डॉक्टरांना मी थेट विचारले होते, ‘तुम्हाला काय वाटते?’ त्या म्हणाल्या, ‘मला काय वाटते ते सांगून तुम्हाला बारा दिवस त्यावर जगायला लावणार नाही. मापे लिहून घ्या, पुढच्या वेळी त्यांच्याशीच ताडून बघू.’ त्या वेळी मला ते उत्तर कठोर वाटले होते. आता वाटते की त्यांनी माझी फार काळजी घेतली.

एक फरक इथे स्पष्टपणे सांगायला हवा, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. गर्भाशयाच्या आत योक सॅक असलेली पिशवी दिसली असेल तर गर्भ योग्य जागी रुजला आहे हे जवळपास नक्की असते. पण गर्भधारणेची चाचणी होकारार्थी असून गर्भाशयात काहीच दिसले नसेल, तर ती वाट पाहणे वेगळ्या प्रकारचे आहे, कारण गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत राहिलेला असण्याची शक्यता तेव्हा फेटाळता येत नाही. अशा वेळी रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे गर्भधारणेत तयार होणारे संप्रेरक, ४८ तासांच्या अंतराने तपासतात आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी न चुकता जायचे असते. पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर किंवा भोवळ येणे, किंवा तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव होणे, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

बीटा एचसीजीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. ‘दर दोन दिवसांनी दुप्पट झाले पाहिजे’ असे वाक्य मला तिघी-चौघींकडून ऐकायला मिळाले. ते ढोबळ आहे. सुरुवातीची पातळी १५०० पेक्षा कमी असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित धरतात. पातळी जसजशी वर जाते तसतसा वाढीचा वेग मंदावतो, आणि पुढे आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान तिचा कळस होऊन ती उतरू लागते. पिशवी आणि योक सॅक दिसू लागल्यानंतर रक्तातल्या आकड्यापेक्षा सोनोग्राफीच जास्त सांगते. आपल्याकडे प्रयोगशाळेत चिठ्ठीशिवायही रक्त देता येते आणि रात्री अहवाल मोबाईलवर येतो, त्यामुळे दर दोन दिवसांनी जाऊन तपासून घेण्याचा मोह फार होतो. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर तो आवरावा असे माझे मत आहे, कारण आलेल्या आकड्याने उत्तर मिळत नाही, फक्त आणखी एक प्रश्न पदरात पडतो.

शरीराकडे साक्ष मागण्याचेही तसेच आहे. सकाळी डोळे उघडले की मळमळ आहे का, छाती दुखते का, कॉफीचा वास नकोसा होतो का, याची मी उजळणी करत असे. एखाद्या दिवशी चहा निमूट पोटात राहिला की दिवसभर काळजात धस्स होत राही. मळमळ दिवसागणिक कमीजास्त होते. सगळे सुरळीत असलेल्या बायकांनाही ती कधी कधी अजिबात नसते, आणि वाढ थांबल्यानंतरही काही काळ टिकू शकते. डॉक्टरांनी हे सांगितले, मला पटले, आणि तरीही उजळणी चालूच राहिली. फरक एवढाच पडला की तिच्यावरून मी निष्कर्ष काढणे सोडले.

माझ्या आजीच्या पिढीत हा मधला काळच नव्हता. सोनोग्राफीवर गर्भाची लांबी मोजून वय ठरवण्याची पद्धत ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली मांडली. त्याआधी, आणि आपल्या गावांमधून त्यानंतरही कितीतरी वर्षे, पाळी चुकली, कोरड्या उलट्या सुरू झाल्या, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ फिरू लागले की मगच दिवस गेल्याची खात्री धरत. त्या काळाची मला ओढ नाही, कारण गर्भ नळीत राहून दगावलेल्या बायकाही त्याच काळातल्या आहेत. पण सहाव्या आठवड्यात पडद्यावर पिशवी बघून परत येण्याचा अनुभव घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गाठीशी नसतो, आणि हे ध्यानात ठेवले तर त्यांच्या अडखळत्या बोलण्याचा राग कमी येतो.

आम्ही फक्त माझ्या आईला आणि सासूबाईंना सांगितले होते. तीन महिने बाहेर बोलू नये, हा रिवाज दृष्ट लागू नये म्हणून असेल किंवा नंतर सर्वांना उलट सांगत फिरावे लागू नये म्हणून असेल. पण त्यामुळे बाई आधाराची सर्वांत जास्त गरज असते त्याच काळात एकटी पडते. माझे मत असे आहे की, गोष्ट बिघडली तर ज्यांच्यासमोर रडता येईल, त्यांना आधीच सांगून ठेवावे. आई साताऱ्याहून रोज संध्याकाळी फोन करत असे आणि तिचे पहिले वाक्य ठरलेले असे: ‘काही होत नाही बघ, सगळं चांगलंच होणार.’ ते ऐकल्यावर मला माझी भीती गिळून तिलाच धीर द्यावा लागे. शेवटी मी म्हटले, ‘आई, चांगलं होईल म्हणू नकोस आणि वाईट होईल असंही म्हणू नकोस. तू नुसता फोन कर.’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘बरं. मग परसातल्या पेरूची फांदी तोडायला आज माणूस आला होता, त्याचं सांगते.’ त्यानंतर ती रोज असे काहीतरी सांगत राहिली. मी त्या फोनची वाट पाहू लागले.

सासूबाईंची काळजी पपई, जिना आणि पाण्याने भरलेल्या बादल्या यांच्याभोवती होती. एका दुपारी मेथी निवडताना मी त्यांना समजावून सांगितले की, सुरुवातीच्या काळात गर्भ टिकत नाही तेव्हा साधारण निम्म्या वेळा कारण गुणसूत्रांतल्या दोषाचे असते. तो दोष बहुधा गर्भ राहतानाच आलेला असतो, आणि रोजची कामे केल्याने किंवा जिना चढल्याने असे घडत नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने ते टळते असेही कुठे सिद्ध झालेले नाही. त्यांचे हात थांबले. ‘मग मला तेव्हा उगाच बोलले सगळे?’ त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना दिवस गेले होते आणि ते मूल राहिले नाही, हे मला त्या दिवशी कळले. विहिरीवरून घागरी आणल्या म्हणून असे झाले, हे त्यांना घरच्यांनी सांगितले होते आणि इतकी वर्षे त्यांनी ते खरे मानले होते. मी म्हटले, ‘तुमचा काही दोष नव्हता.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण जिन्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नवऱ्याला टक्केवारी हवी होती. माहीत झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भधारणा आपोआप संपतात, हा आकडा त्याने शोधून काढला आणि त्याला धरून बसला. हा आकडा मोठ्या समूहाचा आहे, आणि एकदा सोनोग्राफीत शंका आली की आपण त्या सरसकट समूहात राहत नाही, हे त्याला सांगणे मला जड गेले. मग आम्ही एक व्यवस्था लावली. रात्री जेवणानंतर फिरायला जायचे तेव्हा या विषयावर हवे ते बोलायचे, आणि एरवी दोघांपैकी कोणीही ‘आत्ता नको’ म्हटले की दुसऱ्याने थांबायचे. तोही घाबरलेला आहे हे मला त्या फिरण्यातच समजले, कारण घरात तो दिवसभर काही ना काही दुरुस्त करत असे.

औषधांबद्दल थोडेसे. आपल्याकडे अशा वेळी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, सुरुवातीच्या काळात रक्तस्राव होणाऱ्या सर्वच स्त्रियांना त्याचा ठळक फायदा होत नाही. ज्यांचे गर्भ आधी गळाले आहेत आणि आताही रक्तस्राव होत आहे अशांना फायदा होण्याची शक्यता दिसते. गोळ्या कशासाठी आहेत हे डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि मनाने बंद करू नयेत हेही तितकेच खरे.

नोकरीचा प्रश्न कायद्याने अर्धवट सोडलेला आहे. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे, पण वाट पाहण्याच्या दिवसांना त्यात जागा नाही. मी नैमित्तिक रजा तपासणीच्या दिवसासाठी राखून ठेवली आणि बाकीचे दिवस शिकवत राहिले. वर्गातला पाऊण तास मला खरोखर उपयोगी पडला. कोणाला घरीच पडून राहावेसे वाटत असेल तर त्यातही काही वावगे नाही.

दुसऱ्या तपासणीची तयारी मात्र नीट करावी. शक्य असेल तर त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने तपासणी करून घ्यावी, म्हणजे मापे ताडून पाहता येतात, आणि पहिला अहवाल सोबत ठेवावा. गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे दर वेळी ओळखपत्र दाखवून एफ नमुन्याचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात आधीच्या मुलांची माहिती विचारतात. त्या रकान्याशी पेन अडखळते, म्हणून तो अर्ज मी नवऱ्याकडून भरून घेतला आणि स्वतः फक्त सही केली. सोबतच्या माणसाला आत घेणार का हे आधी फोन करून विचारावे, कारण प्रत्येक केंद्राची रीत वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी तपासणारे डॉक्टर काही न बोलता ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणतात. तसे होणार असेल तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवावी, म्हणजे बंद पाकीट हातात घेऊन रात्र काढावी लागत नाही. मी आत गेल्यावर आधीच सांगितले होते की मला प्रथम मापे सांगा आणि त्यांचा अर्थ नंतर सांगा. तुम्हाला उलटे हवे असेल तर तसे सांगा.

दुसऱ्या वेळीही पक्के उत्तर मिळेलच असे नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगून ठेवले होते, आणि ते सर्वांना सांगितले जायला हवे असे मला वाटते. अंकुर दिसला, पण त्याची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी आहे आणि ठोके दिसत नाहीत, असे झाले तर पुन्हा किमान सात दिवस थांबावे लागू शकते. तसे झाले तर तिसरी तारीख तिथेच उभ्या उभ्या घ्या, दोन्ही वेळची मापे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या, आणि मधल्या दिवसांत रक्तस्राव किंवा दुखणे सुरू झाल्यास रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा ते विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.